हॉर्न वाजेपर्यंत

१

हर्षलाला फोटोत उभं राहायचा मनस्वी कंटाळा होता, आणि लग्न झाल्यापासूनचे बहुतेक रविवार तिने फोटोत उभं राहण्यातच घालवले होते.

दोष धनेशच्या हौसेचा. आठवडाभर तो खोपोलीच्या कारखान्यात पाळ्या करायचा, आणि रविवार उजाडला की दहिवलीच्या घरातून कॅमेरा, त्याचं तीन पायांचं तिकाटणं आणि बायको अशी तीन ओझी गाडीत घालून डोंगर शोधत निघायचा. ढाकचा कडा, माथेरानची धार, मोरबे धरणाचं पाणी. या भागात डोंगरांना तोटा नाही. पण नुसता डोंगर फोटोत घेतला तर तो केवढा आहे हे कळत नाही. टेकडीएवढाही वाटतो आणि शेणाच्या ढिगाएवढाही वाटतो. त्याच्या पायथ्याशी माणूस उभं केलं, की मग बघणाऱ्याच्या छातीत धस्स होतं. ते माणूस म्हणजे हर्षला. लाल ओढणी घेतलेली आणि कायम पाठमोरी. तोंड दिसलं की लोक तोंडच बघतात, डोंगर बघत नाहीत, असं धनेशचं म्हणणं होतं.

"लग्नाच्या अल्बमनंतर माझं तोंड तू टिपलंच नाहीस," ती म्हणायची. "पोरं झाली की त्यांना आईची पाठ दाखव."

पाठमोऱ्या माणसाला खुणा करता येत नाहीत आणि शेतातल्या वाऱ्यावर आवाज विरतो. म्हणून दोघांनी एक नियम केला होता. फोटो झाला की धनेश गाडीचा हॉर्न एकदा वाजवणार. तोवर हर्षलाने हलायचं नाही. आणि हर्षला शब्दाची पक्की. एकदा कोंडाणे लेण्यांच्या वाटेवर लाल मुंग्या तिच्या पोटऱ्यांपर्यंत चढल्या, तरी बाई खांबासारखी उभी. हॉर्न वाजल्यावर मात्र धावत आली, "किती वेळ लावलास रे!" म्हणाली, थर्मासातला पहिला चहा स्वतः प्यायली आणि दुसरा त्याला दिला. दर वेळी हेच. चारचौघांत ती त्याला अहो म्हणे, पण एकदा का शेताच्या बांधावर उतरली की अरे. धनेशला फोटोपेक्षाही ते "किती वेळ लावलास रे" जास्त आवडायचं, पण हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. नवरे सांगत नाहीत.

२

भाद्रपद संपत आला होता. कडावच्या बाजूला भात लोंबीवर आलं होतं आणि सकाळी शेतांवर धुकं बसायचं. धनेशच्या आईची एक लांबची बहीण, गौराबाई, तिथे राहायची. तिच्या घरासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे तिची शेतं आणि शेतांच्या मधल्या बांधावर एकच ऐनाचं झाड. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, दरवर्षी फांद्या तोडून तोडून त्याचा नुसता सोटा उरलेला, वर थोडा झुपका. मागे ढाकची अख्खी रांग. धनेशचा त्या झाडावर फार दिवसांपासून डोळा होता.

"ऐनाला लागून उभी राहा," तो म्हणाला. "ओढणीचं टोक डाव्या हाताने धर. वाऱ्याने तोंडावर नको यायला."

"आणि हॉर्न विसरू नकोस," हर्षला म्हणाली आणि ओल्या बांधावरून निघाली.

फोटो चांगले येत होते. तेवढ्यात मागच्या बाजूला, पेज नदीच्या अंगाला, ढगातून उन्हाची एक तिरीप पडली आणि नदीवरचं धुकं पेटल्यासारखं झालं. असा उजेड वर्षातून एखाद्या वेळी मिळतो. धनेशने तिकाटणं खांद्यावर टाकलं आणि रस्ता ओलांडून गुडघाभर गवतातून धावत सुटला. फोटो घेतले, उजेड गेला, मग दुसरा येईल म्हणून थांबला. तो आला नाही. तेव्हा कुठे बायकोची आठवण झाली.

जीभ चावत तो गाडीपाशी आला, तर हर्षला गाडीत बसलेली होती.

"सॉरी गं. कंटाळून आलीस ना?"

"असू दे," ती म्हणाली. "तुमचं काम झालं ना? मग झालं."

थर्मास तिच्या मांडीवर होता, झाकण बंद. धनेशने स्वतःच दोन कप ओतले. तिने आपला कप हातात धरून ठेवला. त्याच्या पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दवाने निथळत होते. तिच्या सलवारीची कड कोरडी होती आणि चपलांना चिखलाचा ठिपका नव्हता. रस्त्याने वळसा घालून आली असेल, त्याने मनाशी म्हटलं. तिकडून रस्ता नाही हे त्याला ठाऊक होतं, पण सकाळी एवढा चांगला उजेड मिळालेला माणूस चपलांचा विचार करत नाही.

३

घरात सगळं सुरळीत होतं. जरा जास्तच सुरळीत होतं.

हर्षला आता कशालाच नाही म्हणत नव्हती. भाजीत मीठ कमी पडलं तर कुरकुर नाही, ओला टॉवेल पलंगावर टाकला तर आरडाओरडा नाही. घरात दोघंच असतानाही अहो. सुख दुखतंय मला, धनेश स्वतःला म्हणाला. दुसऱ्या कुणाची बायको अशी गुणी झाली असती तर त्याने पेढे वाटले असते.

पण तिचा आवाज. पुढच्या खोलीत कॉम्प्युटरवर फोटो लावत बसला असताना ती स्वयंपाकघरातून हाक मारी, "जेवायला चला," आणि ती हाक स्वयंपाकघरातून आल्यासारखी वाटत नसे. शेताच्या पलीकडच्या टोकावरून कुणी ओरडावं आणि मधला वारा त्यातली अक्षरं खाऊन जावा, तशी यायची. धनेश उठून दारात जायचा. ती चार पावलांवर, ताटं घेत असायची. तोंड उघडून बोलायची आणि तेव्हाही आवाज लांबून यायचा.

सर्दीने कान दडपले असतील म्हणून त्याने डॉक्टर गाठला. डॉक्टरांनी बॅटरी लावून दोन्ही कान बघितले आणि कान उत्तम आहेत असं सांगितलं.

रात्री ती त्याच्याकडे पाठ करून झोपायची. मध्येच त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. हात खांद्यावर पोचला हे डोळ्यांना दिसत होतं. हाताला काही कळत नव्हतं.

४

पुढच्या रविवारी तो तिला खालापूरच्या बाजूला, मोरब्याच्या पाण्यावर घेऊन गेला. पाण्याच्या काठाशी एक सपाट खडक होता, त्याच्यापासून हाकेच्या नव्हे, कुजबुजीच्या अंतरावर. "इथेच उभी राहा," तो म्हणाला. तिला लांब पाठवायला का कोण जाणे, मन घेईना.

ती खडकावर उभी राहिली. त्याने फोटो घेतला आणि पडद्यावर बघितला.

खडक रिकामा होता. ओला, शेवाळलेला आणि रिकामा. लाल ठिपका पाण्याच्या पलीकडे होता, समोरच्या तीरावर, डोंगराच्या पायथ्याशी, तांदळाच्या दाण्याएवढा.

त्याने मान वर केली. हर्षला खडकावर होती. ओढणी खांद्यावर सैल पडलेली आणि दोन्ही हात मोकळे. पुन्हा फोटो घेतला. पुन्हा तेच. तो ठिपका बोटांनी ताणून ताणून मोठा केला, तो फुटून चौकटी चौकटी दिसायला लागेपर्यंत. पाठमोरी बाई. डावा हात वाकलेला, ओढणीचं टोक धरलेला.

धनेश यंत्रावर विश्वास ठेवणारा माणूस. लेन्स बिघडली असेल, त्याने ठरवलं. पाण्यावरून उजेड फिरतो आणि कधी कधी लांबचं जवळ, जवळचं लांब दिसतं. पलीकडे दुसरी कुणी बाई धुणं धुवायला आली असेल, तिनेही लाल नेसलं असेल. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते ना, तसंच. पण मग खडकावरची बाई फोटोत का नाही? या प्रश्नापाशी त्याचं शहाणपण येऊन थांबायचं आणि तिथून मागे फिरायचं.

"झालं?" हर्षलाने विचारलं. तीन पावलांवरून. आवाज पाण्यापलीकडून आला.

त्याने हॉर्न वाजवला नव्हता, आणि ती खडकावरून उतरून गाडीकडे चालू लागली होती.

५

त्याच्याकडे एक जुनी लेन्स होती, हाताने फिरवायची. तिच्या कड्यावर अंतरासाठी छोटी चित्रं होती: सगळ्यात जवळ माणसाचं डोकं, मग उभा माणूस, आणि अगदी शेवटी डोंगर. कडं डोंगरावर नेलं की क्षितिजावरचं स्पष्ट दिसतं आणि जवळचं सगळं पुसट होतं. या लेन्सला बॅटरी नाही, डोकं नाही. तिला खोटं बोलता येत नाही.

दुपारची वेळ होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन येत होतं आणि हर्षला ओट्यापाशी उभी राहून भाकरी थापत होती. धनेश दारात कॅमेरा घेऊन उभा राहिला.

कडं डोक्यावर ठेवलं. दाराची चौकट स्पष्ट झाली. माणसावर नेलं तसा ओटा स्पष्ट झाला. परात, पिठाचा डबा, भिंतीवरची लाटणी, सगळं ठसठशीत. त्याच्या मधोमध हर्षला म्हणजे लालसर धूर. कॅमेरा हलत असेल म्हणून त्याने खांदा चौकटीला टेकला. कडं आणखी फिरवलं. ओटा विरघळला, भिंत विरघळली आणि धूर हळूहळू गोळा होऊ लागला. कडं डोंगरावर येऊन टक्क वाजून थांबलं.

तेव्हा ती स्पष्ट दिसली. वेणीचा पेड न् पेड.

"अहो, भाकरी करपेल," ती मागे न वळता म्हणाली. "फोटो नंतर काढा."

धनेशने कॅमेरा खाली घेतला. त्याला रडू आलं आणि ते त्याने आवरलं नाही. चार पावलांवर बायको उभी होती आणि तिच्यापर्यंत जायला किती चालावं लागेल हे त्याला कळत नव्हतं.

६

गौराबाईचा फोन आला तेव्हा दसरा होऊन गेला होता.

"धनेश, तू बायकोशी भांडलास काय रं?"

"नाही मावशी. का?"

"मंग ती पोर रोज सकालची आमच्या बांधावर येऊन काय करते? ऐनाजवल हुबी ऱ्हाते. आमी हाका मारतो, वलत नाय. भात कापायला आलंय, पन मजूर त्या तुकड्यात शिरायला तयार नाय."

स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. धनेशने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दुसरी कुणी असेल, मावशी."

"मी काय आंधली हाय? पल्याडच्या शेतातनं तिचं तोंड बघितलंय. हर्षलाच हाय. मी जवल जायला गेले, तं किती चालले तरी ती तेवढीच लांब. पाय दुकले म्हनून परत आले. रडत व्हती रं. डोल्यांना धार लागलेली आनि हातात ओढनीचं टोक. तोंड पुसायला पन हात हलवत नाय. तिला घरी ने तू."

"मावशी," धनेश म्हणाला, "हर्षला घरात आहे. भांडी घासतेय."



"मंग घरात हाय ती कोन?" गौराबाईने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता फोन ठेवून दिला.

धनेश बसून राहिला. त्याला आता तो दिवस पहिल्यापासून शेवटपर्यंत आठवत होता. उजेड आठवला, नदी आठवली, गवतातून धावलेलं आठवलं. हॉर्न वाजवलेला तेवढा आठवेना, कारण तो त्याने वाजवलाच नव्हता. आणि हर्षला शब्दाची पक्की.

स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली होती.

७

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो दबकत घराबाहेर पडला. एकट्याने जायचं होतं. गाडीचं दार उघडलं तर शेजारच्या सीटवर ती बसलेली होती, मांडीवर थर्मास.

"मीपण येते," ती म्हणाली.

तो तिला घेऊनच कडावला पोचला. गौराबाईच्या घराचं दार बंद होतं. शेतं पिवळी झाली होती, आजूबाजूचे तुकडे कापून झालेले, मधला तेवढा उभा. धुकं होतं. धुक्यात ऐन होता आणि ऐनाला लागून लाल काहीतरी होतं. कॅमेऱ्यातून नव्हे, साध्या डोळ्यांनी दिसत होतं.

धनेशला हर्ष झाला. खरंच झाला. इतके दिवस त्याला वाटत होतं की हे सगळं आपल्या डोक्यात आहे. आता निदान ती कुठे आहे हे ठाऊक झालं होतं आणि काय करायचं तेही ठाऊक होतं. त्याने स्टिअरिंगवर हात दाबला. हॉर्न शेतांवरून घुमत डोंगरापर्यंत गेला.

"आले की मी," शेजारून ती म्हणाली. "इथेच आहे."

लाल ठिपका हलला नाही. धनेशने पुन्हा हॉर्न दाबला, पुन्हा दाबला. दर वेळी शेजारचा आवाज शांतपणे सांगे, "आले की." आणि दर वेळी तो आवाज आधीपेक्षा जवळून येई. शेवटच्या वेळी तो त्याच्या कानाला लागून आला, उबदार, स्पष्ट. बांधावरचा लाल रंग तेवढ्याने फिकट झाल्यासारखा वाटला. धनेशने स्टिअरिंगवरचा हात झटक्याने काढून घेतला.

गाडीतून उतरून तो धावत सुटला. बांध निसरडा होता, दोनदा पडला, पण गौराबाईसारखं त्याचं झालं नाही. ऐन जवळ येत गेला. एवढं सोपं? त्याच्या मनात आलं, पण पाय थांबले नाहीत. तो झाडापाशी पोचला.

तिथे कुणी नव्हतं. चिखलात पावलांचा एक जोड होता, खोल रुतलेला, टाचा रस्त्याकडे. त्यात पाणी साठलं होतं आणि ते गढूळ होतं, आत्ताच कुणी पाय काढल्यासारखं. तिथून निघालेलं पाऊल मात्र कुठेच नव्हतं.

"हर्षला!" तो ओरडला. मग मागे वळून रस्त्याकडे बघितलं.

गाडी फार लांब दिसत होती. मघाशी होती त्यापेक्षा कितीतरी लांब. तो परत निघाला. भराभर चालला, धाप लागेस्तोवर चालला, आणि थांबला तेव्हा ऐनाचं खोड त्याच्या खांद्याला टेकलेलं होतं. पुन्हा निघाला. पुन्हा खोड खांद्याला. समोर गौराबाईचं दार किलकिलं झालं, म्हातारी बाहेर आली, कपाळावर हात धरून तिने बांधाकडे बघितलं आणि ती पदर तोंडाला लावून आत गेली. कडी लागल्याचा आवाज धनेशला इतक्या लांबून ऐकू आला.

गाडीतली बाई सरकून स्टिअरिंगमागे बसली होती. हर्षला कधी गाडी शिकली नव्हती. चावी फिरवायची म्हटली तरी ती नको म्हणायची.

"हॉर्न वाजव!" धनेश ओरडला. "अगं एकदा वाजव! एकदाच!"

गाडी सुरू झाली, सफाईने मागे आली, वळली आणि दहिवलीच्या रस्त्याला लागली. धुक्यात तिचे मागचे दिवे थोडा वेळ दिसले. धनेशने कान देऊन ऐकलं. इंजिनाचा आवाज गेला. मग पाखरांचा तेवढा राहिला.

त्याच्या दंडाला काहीतरी ओलं, थंड लागलं. ओढणीचं टोक असावं. पाठीला पाठ लागली. बारीक, गारठलेली, थरथरणारी. त्याचं तोंड रस्त्याकडे होतं आणि ते तिकडून वळवायचं नाही हे त्याला कुणी न सांगता कळलं.

"किती वेळ लावलास रे!" पाठीमागून हर्षला म्हणाली. आवाज अगदी जवळून आला.

धनेशने पाठ तिच्या पाठीला आणखी टेकवली.

"हॉर्न वाजला का?" तिने विचारलं. "वाऱ्याने मला नीट ऐकू येत नाही."

"नाही गं," तो म्हणाला.

"मग हलू नकोस," हर्षला म्हणाली.